वासाच्या रकान्यातली सही

माझ्या नोकरीबद्दल कोणी विचारलं की आईचं उत्तर ठरलेलं असायचं. "हावड्याला जाते आणि नळकांडी हुंगते." हे सांगताना ती चेहरा असा करायची की स्थळं घेऊन आलेल्या बायका चहाचा कप खाली ठेवून थेट हवापाण्यावर यायच्या. माझी बी.एस्सी., माझा फर्स्ट क्लास, सगळं त्या एका हुंगण्याखाली गाडलं जायचं. मला त्याचं फारसं दुःख नव्हतं. आलेली स्थळं बघता ती गेलेलीच बरी होती.

पण आई खोटं बोलत नव्हती. एकोणीसशे सत्तरनंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं. हावड्यात लेथ मशिनींच्या एका कळकट गल्लीच्या टोकाला आमचा कारखाना होता. तिथे मुख्यतः इस्पितळांसाठी ऑक्सिजनचे सिलिंडर भरले जायचे. काळं अंग, पांढरी मान, माझ्या खांद्याएवढी उंची. मी तिथली केमिस्ट. अख्ख्या कारखान्यात बाई मी एकटीच, त्यामुळे बायकांसाठी वेगळा संडास बांधावा की नाही यावर आधी तीन महिने पत्रव्यवहार झाला आणि मग मला नेमणुकीचं पत्र मिळालं.

नाक मात्र माझं खरंच तिखट होतं, आणि त्याचं सगळं श्रेय खालच्या मजल्याला. आमचं मराठी बिऱ्हाड कलकत्त्यात भवानीपुरात, आजोबांच्या वेळेपासून. खालचे लोक रोज दोन वेळा मासे तळायचे आणि वर आई रोज दोन वेळा उदबत्त्या लावायची. या युद्धात मी लहानाची मोठी झाले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहून मी सांगायचे, आज रुई आहे, आज इलिश आहे, आणि हा इलिश काही आजचा नाही. आम्ही कधी माशाला शिवलो नाही, पण वासावरून परीक्षा घेतली असती तर मी बंगाल्यांत पहिली आले असते.

कारखान्यात खरं राज्य होतं बड्या मिस्त्रींचं. सगळे त्यांना मिस्त्रीमोशाय म्हणायचे, मीही म्हणायचे. बुटके, काळेसावळे, पांढरी मिशी, धोतराऐवजी खाकी पँट, तीही पोटावर दोरीने बांधलेली. भिंतीला एक आडवा जाड पाइप होता, त्याला वीस तोंडं. एका वेळी वीस सिलिंडर जोडायचे, एकदम भरायचे, एकदम सोडवायचे. साहेब लोक त्याला मॅनिफोल्ड म्हणायचे. मिस्त्रीमोशाय त्याला नुसतं "ती" म्हणायचे. विश्वकर्मा पूजेला तिच्यावरचं पहिलं फूल त्यांचं, हा तिथला रिवाज होता.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला दारात अडवलं. "दिदिमोनी, डोक्याला तेल लावलंय?"

लावलं होतं. आई मला खोबरेल तेल थापल्याशिवाय उंबरठा ओलांडू द्यायची नाही.

"मग इथूनच परत. ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की मी नाही, तुम्ही नाही आणि ही गल्लीही नाही."

मी घरी जाऊन शिकेकाईने केस धुतले. आईने दोन दिवस अबोला धरला. तेलाशिवायची मुलगी आणि माशाच्या वासाचं घर, दोन्ही कलकत्त्यानेच तिच्या नशिबी दिलं होतं, असं ती मावशीला पत्रात लिहायची.

तेव्हा कारखान्यात दिवसाला एकच लॉट नंबर असायचा. सकाळी मिस्त्रीमोशाय पहिल्या सिलिंडरची चावी किंचित फिरवायचे, निघालेली हवा ओंजळीने नाकाकडे ओढायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "भालो." म्हणजे, चांगला आहे. झालं. संध्याकाळपर्यंत जेवढे भरले जातील तेवढ्या सगळ्यांच्या मानेला त्या दिवसाच्या तारखेची चिठ्ठी. मग मुंबईच्या मुख्य कचेरीतून हुकूम आला: इथून पुढे प्रत्येक भरणीला वेगळा लॉट नंबर. एकदम जोडलेले वीस सिलिंडर म्हणजे एक लॉट. प्रत्येक लॉटची शुद्धता तपासायची, दाब तपासायचा, वास तपासायचा, आणि रजिस्टरात वासाच्या रकान्यात बड्या मिस्त्रीने सही करायची. हे सगळं नीट होतंय की नाही ते बघायचं काम माझ्यावर.

आता यात न कळण्यासारखं काय आहे? भज्यांचा एक घाणा करपला तर तेवढी भजी बाजूला काढता येतात. पण सगळे घाणे एकाच परातीत ओतले तर खाणाऱ्याने काय प्रत्येक भजं चावून बघायचं? सिलिंडरचंही तसंच. एकात काही गडबड निघाली तर त्याच्याबरोबर भरलेले एकोणीस कुठे गेले ते कळायला हवं. मी हे मिस्त्रीमोशायना बटाट्याच्या भज्यांपासून वांग्याच्या बेगुनीपर्यंत सगळी उदाहरणं देऊन सांगितलं.

त्यांनी साफ नकार दिला. आणि नकार म्हणजे कसा, चांगला दणदणीत. युनियनच्या लोकांना बोलावलं. "एवढी वर्षं दिवसाला एक नंबर चालला, आता काय ऑक्सिजनची जात बदलली?" असं भर अंगणात विचारलं. मुंबईहून कागद येतो आणि मुंबईवालीच तो वाचून दाखवते, असंही म्हणाले. मी मुंबई उभ्या आयुष्यात दोनदा पाहिली होती, दोन्ही वेळा लग्नात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मनात म्हटलं, म्हातारा आळशी आहे, दिवसाला सहा वेळा उठून मान वाकवायचा कंटाळा, दुसरं काय!

मॅनेजरसाहेबांनी मध्ये पडून नियम लागू केला. लॉट भरला की मिस्त्रीमोशाय चावी फिरवायचे, डोळे मिटायचे, "भालो" म्हणायचे आणि रकान्यात सही ठोकायचे. मी जिंकले होते आणि ते त्यांना दिसेल अशा बेताने रजिस्टर घेऊन मिरवत होते.

तीन आठवड्यांनी एका दुपारी त्यांनी असाच एक लॉट पास केला आणि मी शेजारून गेले. जळक्या रबराचा वास! मंद, पण स्पष्ट. नळीच्या जोडातला वायसर करपला असणार.

"मिस्त्रीमोशाय, परत बघा."

त्यांनी परत बघितलं. "भालो."

"भालो काय भालो? सायकलची ट्यूब जाळल्यासारखा वास येतोय! मुद्दाम करताय ना? माझा नियम खोटा पाडायला? उद्या हे एखाद्या दम लागलेल्या माणसाच्या नाकात जाणार आहे, काही लाज?"

मी चांगलीच ओरडले. आजूबाजूचे लोक थांबून बघायला लागले. मिस्त्रीमोशायनी त्यांना हाताने घालवलं, आणि मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, "येतोय का खरंच वास?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आदल्या हिवाळ्यात त्यांना मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण नाक गेलं ते गेलंच. इलिश आणि ओली माती त्यांना सारखीच. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, तिच्या स्वयंपाकाची रोज तारीफ करायचे. कारखान्यात दिवसाला एकच लॉट होता तोवर निभावलं. सकाळी फिटरला जवळ बोलावून चेष्टेत म्हणायचे, "सांग बघू, तुझं नाक जास्त की माझं?" आणि तो हुंगायचा. "पण दिवसातून सहा वेळा कसली चेष्टा करू, दिदिमोनी?"

निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. नाक गेलं हे कळलं असतं तर नोकरी गेली नसती, पण त्यांना गेटवर बसवलं असतं. आमच्याकडे कोणाचा हात मशिनीत गेला, कोणाची नजर अधू झाली की त्याची रवानगी गेटवर व्हायची. स्टुलावर बसायचं आणि लॉऱ्यांचे नंबर लिहायचे. "मी तिच्यापासूनच जाणार," ते पाइपाकडे बघत म्हणाले. "गेटवरून नाही." एवढंच त्यांना हवं होतं. मला त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि मला स्वतःचा इतका राग आला की मी उगाचच फिटरवर खेकसले.

तो लॉट आम्ही मोकळा सोडून पुन्हा भरला. आणि मग मी ते केलं, जे कुठल्याही केमिस्टने करू नये. मी त्यांना माझं नाक दिलं.

सगळं ठरलं. प्रत्येक लॉटच्या वेळी मी रजिस्टर घेऊन त्यांच्या कोपराशी उभी राहायचे. ते चावी फिरवायचे, डोळे मिटायचे, सगळं साग्रसंगीत. वास मी घ्यायचे. ठीक असेल तर पेन्सिल पुठ्ठ्यावर दोनदा टकटक, गडबड असेल तर एकदाच. मग ते म्हणायचे "भालो," आणि सही करायचे. नाक माझं, सही त्यांची. आठ महिने हे नाटक चाललं आणि कोणालाही संशय आला नाही. उलट मुख्य कचेरीतून आलेल्या एका तपासनिसाने वासाच्या रकान्याचं कौतुक केलं. इतकी नियमित सही त्याने दुसऱ्या कुठल्या कारखान्यात पाहिली नव्हती म्हणे. मिस्त्रीमोशायनी मिशीला पीळ दिला. मी वळून खोकल्याचं सोंग केलं, नाहीतर हसू फुटलं असतं.

दुपारी डबा उघडला की ते माझ्यापुढे धरायचे. "कसा वास येतोय सांगा." मी माशाकडे न बघता सांगायचे, मोहरी जास्त पडलीय, मिरची कच्ची आहे, मासा ताजा आहे. ते समाधानाने मान हलवायचे आणि जेवायचे. आईला हे कळलं असतं तर तिने मला गोमूत्राने आंघोळ घातली असती.

निवृत्तीला नऊ आठवडे राहिले होते. सतरा तारखेला मी उठले तीच सर्दीने भरून. नाक म्हणजे नुसता दगड. आई म्हणाली, रजा टाक. पण मी रजा टाकली तर सहा लॉट कोण हुंगणार? आल्याचा काढा पिऊन मी निघाले. वाटलं, हावड्याच्या पुलावरच्या वाऱ्याने मोकळं होईल. झालं नाही.

त्या दिवशी नेमके पहिले दोन लॉट कारखान्यांसाठी होते, लोखंड कापायला, त्यांना वासाची अट नव्हती. तिसरा लॉट नदीपलीकडच्या एका मोठ्या इस्पितळाचा. लॉरी दारात उभी, ड्रायव्हर भोंगा वाजवतोय. मिस्त्रीमोशायनी चावी फिरवली, डोळे मिटले. मी जवळ सरकले आणि श्वास ओढला. काही नाही. म्हणजे वास नाही असं नाही. वास आहे की नाही तेच कळेना.

इथे मी म्हणायला हवं होतं, मला सर्दी झालीय, थांबा. साधं वाक्य. पण नाही म्हटलं तर लॉट अडेल, लॉट अडला तर साहेब येतील, साहेब आले तर म्हणतील सर्दी तुला झालीय, मिस्त्रीने का नाही पास केला. आणि खरं सांगायचं तर, आठ महिने माझं नाक म्हणजे कारखान्याचं नाक होतं आणि ते बंद पडलंय हे कबूल करायची मला लाज वाटली. रोज तर ठीकच असतं, आजही असेल, असा विचार करून मी पेन्सिल दोनदा वाजवली.

"भालो," मिस्त्रीमोशाय म्हणाले. मी रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं आणि खोलीत जाऊन वाफ घेत बसले.

तासाभराने फिटर आला, हातात नळीचा तुकडा घेऊन. वायसर काळा पडलेला. "दिदिमोनी, हा तिसऱ्या लॉटच्या आधी बसवला होता. बघा कसा घाणतोय!" तो स्वतः नाकाला गमछा लावून उभा होता. मी तो वायसर नाकाला टेकवला तरी मला काही कळलं नाही.

लॉरी केव्हाच गेली होती. मिस्त्रीमोशाय कुठे आहेत विचारलं, तर साहेबांच्या केबिनमध्ये. म्हटलं, आता त्यांना सांगून तरी काय, आणि चपला कशाबशा अडकवून पळाले. आणि बघा, लॉट नंबरासाठी युनियनशी भांडलेली मी, रजिस्टराचा झेंडा नाचवणारी मी, त्या दिवशी टेबलावरचं रजिस्टर उघडून बघायचंही मला सुचलं नाही.

पुलावर मोर्चा. बसगाड्या ठप्प. मी घाटावर धावले, लाँच पकडली आणि पलीकडे उतरून टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालत इस्पितळ गाठलं. कोठीवर एक कारकून पान खात बसला होता.

"तुम्ही कोण?"

"मी... ऑक्सिजनचा वास बघते."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. केस पिंजारलेले, नाक लाल, रुमाल ओला. "आणि कसा आहे वास?" त्याने विचारलं.

मी तशीच आत घुसले. अठरा सिलिंडर रांगेत उभे होते. दोन वर गेले होते, कारकून म्हणाला, एक आत्ता लावलासुद्धा असेल. मी चिठ्ठ्या बघायच्या आधी जिना चढले. बायकांच्या वॉर्डात कडेच्या खाटेवर एक म्हातारी होती, नाकात नळी, डोळे मिटलेले, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. सिलिंडर चालू होता. नर्स ओरडली, पण मी ढकलून पुढे गेले. नळी काढू तर म्हातारीचा श्वास जाईल, न काढू तर ती ते जळकं ओढत राहील. माझा हात चावीवर होता. देवा, एवढी वेळ निभावून ने, मी म्हटलं, आणि मानेवरची चिठ्ठी उलटी केली.

सोळा-पाच.

सतरा-तीन नाही. सोळा-पाच. म्हणजे आदल्या दिवशीचा पाचवा लॉट, जो मी धडधाकट नाकाने हुंगला होता. मी दुसरा सिलिंडर बघितला. सोळा-पाच. खाली धावत गेले, अठरा चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. सगळ्या सोळा-पाच. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडायला लागले. कारकुनाने पानाचा तोबरा थुंकून मला पाणी आणून दिलं.

परत आले तेव्हा चार वाजले होते. सतरा-तीनचे वीसच्या वीस सिलिंडर शेडच्या मागे उभे होते, प्रत्येकावर खडूने भली मोठी फुली. आणि गेटवर, स्टुलावर, मांडीवर डबा घेऊन मिस्त्रीमोशाय बसले होते.

झालं ते असं. माझी पाठ वळताच त्यांनी तिसरा लॉट अडवला आणि लॉरीत दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी राखलेला सोळा-पाच चढवला. ड्रायव्हरने चहाडी केली. साहेबांनी बोलावून विचारलं, नवा लॉट का अडवला? हे म्हणाले, वास बघितलेला नाही. साहेब म्हणाले, मग बघा आत्ता. हे म्हणाले, मला येत नाही. नाक गेलंय.

"पण मी तर दोनदा वाजवलं होतं," मी म्हणाले.

"सकाळपासून अकरा वेळा शिंकलात, दिदिमोनी. मी मोजत होतो. माझं नाक गेलंय, कान शाबूत आहेत."

"मग तिथेच का नाही बोललात मला?"

"तुमचा चेहरा बघितला." ते डब्याच्या कडीशी चाळा करत होते. "तुम्ही माझ्यासाठीच वाजवलं होतंत."

मी साहेबांच्या केबिनकडे निघाले. सगळं सांगून टाकायचं, माझं नाक, माझी पेन्सिल, माझा खोटेपणा. त्यांनी माझी वाट अडवली, पहिल्या दिवशी तेलासाठी अडवली होती तशीच. साहेबांनी त्यांना विचारलं होतं, मग आठ महिने वास कोण बघत होतं? यांनी सांगितलं, कोणी नाही, अंदाजाने सही करत होतो. साहेबांनी त्यांना बेजबाबदार म्हटलं, सगळ्यांसमोर. ज्या माणसाने त्या आठ महिन्यांत एकही लॉट अंदाजाने सोडला नव्हता, त्याला.

"तुम्ही तोंड उघडलंत तर दोघंही जाऊ," ते म्हणाले. "मग उद्याचा पहिला लॉट कोण हुंगणार? तो ड्रायव्हर?"

मी गप्प बसले. शहाणपणाने बसले की भित्रेपणाने, हे मला आजही सांगता येत नाही. त्यानंतर इतकी वर्षं गप्पच होते. संध्याकाळी रजिस्टर उघडलं तर सतरा-तीनच्या ओळीत वासाचा रकाना कोरा होता.

दुसऱ्या दिवसापासून त्या रकान्यात सही माझी. मिस्त्रीमोशाय गेटवर लॉऱ्यांचे नंबर लिहायचे. त्यांना तिथे बघून आत जाणं मला रोज जड व्हायचं, म्हणून मी मान खाली घालून झपाझप निघायचे. ते हाक मारायचे.

"दिदिमोनी, थांबा. तोंड बंद. नाकाने श्वास घ्या."

मी घ्यायचे. ते डोळे मिटून ऐकायचे, अगदी पूर्वी सिलिंडरसमोर मिटायचे तसे. मग म्हणायचे, "भालो," आणि मला आत सोडायचे. त्या नऊ आठवड्यांत त्यांनी मला दोनदा गेटवरूनच घरी पाठवलं, आणि दोन्ही दिवशी कारखान्यातून इस्पितळाचा एकही लॉट बाहेर पडला नाही.